लोकेच्छेची जागा : राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाचे एक वाचन

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. आत्मचरित्रे, शाहिरी, अग्रलेख, हुतात्म्यांच्या नोंदी, पुढाऱ्यांचे आपसांतले हेवेदावे या सगळ्याची दप्तरे आपण जपली. एक दप्तर मात्र सहसा कोणी सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी दिलेला ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्याचा निकाल त्यात आहे. द्वैभाषिक मुंबई राज्य ज्या रीतीने जन्माला घातले गेले ती रीत घटनेला धरून होती का, हा प्रश्न या खटल्यात होता आणि न्यायालयाने ‘होती’ असे उत्तर दिले. पुढे आठ महिन्यांतच, १ मे १९६० रोजी, ते द्वैभाषिक मोडले. मोडलेल्या राज्याच्या जन्मदाखल्याची चौकशी कोण करणार? निकाल आपल्या स्मरणातून गळून गेला. कायद्याच्या जगात मात्र तो जिवंत राहिला. जम्मू-काश्मीरच्या विभाजनावर २०२३मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हाही मुंबई राज्याच्या या खटल्याचा आधार घेतला गेला.

केंद्राच्या सत्तेला घटनेने कोठे कुंपण घातले आहे आणि राज्यांचा हक्क नेमका कशात आहे, हा प्रश्न आपण बहुधा पैशांच्या वाटपावरून, राज्यपालांच्या वागण्यावरून किंवा राष्ट्रपती राजवटीवरून विचारतो. त्याही आधीचा प्रश्न राज्याच्या अस्तित्वाचा आहे. ज्या राज्याला हक्क आहेत असे आपण म्हणतो, ते राज्य उद्या नकाशावर असेल की नाही, असेल तर कोणत्या आकाराचे, हे कोण ठरवते? घटनेचा तिसरा अनुच्छेद याचे उत्तर देतो : संसद ठरवते, आणि तेही साध्या बहुमताने. चौथा अनुच्छेद स्पष्ट सांगतो की, असा कायदा म्हणजे घटनादुरुस्ती समजायची नाही. राज्याच्या वाट्याला येते ते एक परंतुक. विधेयक मांडण्यापूर्वी राज्याच्या विधिमंडळाचे मत विचारावे, एवढेच ते सांगते.

या परंतुकावर टीका करताना अभ्यासक साधारणतः दोन तट करतात. राज्याचे मत बंधनकारक असायला हवे होते, असे एक तट म्हणतो. देशाच्या एकतेसाठी ते बंधनकारक नसणेच योग्य, असे दुसरा म्हणतो. दोघेही एकाच गृहीतावर उभे आहेत : वाद केंद्र आणि राज्य या दोघांतला आहे. परंतुकाचा मसुदा, त्यातले बदल आणि त्याचा झालेला वापर एकत्र ठेवून वाचला की हे गृहीत टिकत नाही. ज्या भूभागाचे भवितव्य ठरते आहे तिथले लोक हा या व्यवहारातला तिसरा पक्ष आहे. मसुद्यात त्यांना जागा होती. अंतिम घटनेत ती राहिली नाही.

मसुद्यातले एक पोटकलम

फेब्रुवारी १९४८मध्ये प्रसिद्ध झालेल्या घटनेच्या मसुद्यात तिसऱ्या अनुच्छेदाचे परंतुक आजच्यापेक्षा बरेच लांब होते. विधेयक भारत सरकारनेच मांडायचे होते आणि त्यासाठी दोहोंपैकी एक अट पुरी व्हावी लागणार होती. जो भूभाग वेगळा काढायचा, तिथून विधिमंडळात निवडून आलेल्या प्रतिनिधींपैकी बहुसंख्यांनी राष्ट्रपतींकडे तशी मागणी करावी, ही पहिली. ज्या कोणत्या राज्याच्या सीमा किंवा नाव बदलणार असेल त्याच्या विधिमंडळाने तसा ठराव करावा, ही दुसरी. यांपैकी एक झाल्यावर पुढची पायरी : प्रांतांचे मत अजमावायचे आणि संस्थानी राज्यांची मात्र आगाऊ संमती घ्यायची.

पहिल्या अटीतला विचार लक्षात घेण्याजोगा आहे. मद्रास प्रांतातले तेलुगू भाषक जिल्हे वेगळे होऊ पाहत असतील, तर साऱ्या मद्रास विधिमंडळाला विचारण्याआधी त्या जिल्ह्यांच्या आमदारांना बोलू द्यावे, असा तो विचार आहे. अर्थात अट अगदी निर्दोष नव्हती. दुसऱ्या पर्यायामुळे, शेजारच्या राज्याने ठराव करून आपल्याला हवा असलेला मुलूख मागण्याची वाटही मोकळी राहत होती. शिवाय ही सगळी अट प्रक्रिया सुरू करण्यापुरती होती, शेवटचा शब्द संसदेचाच होता. तरीही ‘प्रदेश’ हा राज्याहून वेगळा, स्वतःचे म्हणणे असलेला घटक आहे, हे त्या पोटकलमात लेखी मान्य केलेले होते.

१७ आणि १८ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या अनुच्छेदावर चर्चा झाली. प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली की, असा प्रत्येक प्रस्ताव संबंधित राज्याच्या विधिमंडळातच उगम पावला पाहिजे. राज्यांच्या हक्काचा हा सर्वांत ठाम पुरस्कार होता. के. संथानम यांनी त्याला दिलेले उत्तर आजही विचारात घ्यावे असे आहे. ही दुरुस्ती मान्य केली तर राज्यातल्या कोणत्याही अल्पसंख्य गटाला वेगळे होता येणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आंध्रांनी मद्रासच्या विधिमंडळात ठराव आणला आणि बहुमताने तो फेटाळला, तर त्यांची वाट कायमची बंद. म्हणजे राज्याचा हक्क बळकट केला की त्या राज्यातल्या बहुसंख्यांचा हक्क बळकट होतो. ज्यांना बाहेर पडायचे आहे त्यांच्या हाती काहीच पडत नाही.

सभागृहाने शहांची दुरुस्ती नाकारली. डॉ. आंबेडकरांनी मांडलेले नवे परंतुक स्वीकारले गेले. त्यात राष्ट्रपतींच्या शिफारशीची अट आली, प्रांतांचे मत अजमावण्याची तरतूद राहिली, संस्थानी राज्यांच्या संमतीचीही राहिली. भूभागाच्या प्रतिनिधींविषयीचे पोटकलम मात्र गेले. पुढच्या वर्षभरात संस्थानांचे विलीनीकरण झपाट्याने झाले आणि संमतीची अटही गळाली. २६ जानेवारी १९५०ला अमलात आलेल्या घटनेत ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही वर्गांतल्या राज्यांसाठी ‘मत अजमावणे’ एवढीच तरतूद उरली होती.

या घाईला कारणे होती. साडेपाचशेच्या वर संस्थाने सामावून घ्यायची होती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. प्रत्येक सीमाबदलाला स्थानिक संमतीची अट घातली असती तर नकाशा कधी पुरा झाला असता, हे सांगणे कठीण. पण संथानम यांच्या युक्तिवादाचा नीट विचार केला, तर त्याचा निष्कर्ष ‘संसदेला मोकळीक द्या’ इथे संपत नाही. मद्रास विधिमंडळातल्या बहुसंख्यांपासून आंध्रांना वाचवायचे असेल तर आंध्रांच्या प्रतिनिधींना घटनेत जागा द्यायला हवी. मसुद्यात ती जागा होती. सभागृहाने राज्याच्या नकाराधिकाराचा धोका टाळला आणि त्याच वेळी प्रदेशाचा आवाजही काढून टाकला.

‘अजमावणे’ आणि ‘पाठवणे’

मूळ परंतुकात राष्ट्रपतींनी विधिमंडळाचे मत दोन गोष्टींवर अजमावायचे होते : असे विधेयक आणावे का, आणि आणायचे तर त्यातल्या तरतुदी कशा असाव्यात. तत्त्वाचा प्रश्न वेगळा आणि तपशिलाचा वेगळा. ३० सप्टेंबर १९५५ रोजी फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने अहवाल दिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, डिसेंबर १९५५मध्ये, पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि परंतुकाची भाषा बदलली. आता राष्ट्रपतींनी विधेयक विधिमंडळाकडे मतप्रदर्शनासाठी पाठवायचे, मुदत ठरवून द्यायची, आणि ती संपली की पुढे जायचे. उद्देश मुदत घालण्याचा होता. मूळ तरतुदीत मुदत नव्हती, आणि एखादे राज्य गप्प बसून सगळी पुनर्रचना अडवू शकले असते.

उद्देश वाजवी असला तरी क्रियापद बदलले की कर्तव्यही बदलते. मत ‘अजमावायचे’ तर ते मिळवण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर असते, उत्तर आल्याशिवाय काम पुरे होत नाही. विधेयक ‘पाठवायचे’ तर टपाल पोचले आणि दिवस भरले की काम संपते. ‘असे विधेयक मुळात आणावे का’ हा पहिला प्रश्नही या बदलात पुसला गेला. विधेयक तयार होऊनच विधिमंडळापुढे येते. त्याने त्यावर बोलावे, एवढीच अपेक्षा उरते.

या नव्या परंतुकाची पहिली मोठी परीक्षा मुंबईच्या प्रश्नावरच झाली. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य आणि उरलेल्या मराठी-गुजराती मुलखाचे द्वैभाषिक राज्य सुचवले होते. दोन्ही बाजूंनी विरोध झाला. जानेवारी १९५६मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मुंबईत रक्त सांडले. त्यानंतर तयार झालेल्या विधेयकात तीन घटक होते : विदर्भ-मराठवाड्यासह महाराष्ट्र, सौराष्ट्र-कच्छसह गुजरात, आणि केंद्रशासित मुंबई. हे विधेयक परंतुकाप्रमाणे राज्यांच्या विधिमंडळांकडे गेले. त्यांनी त्यावर मते दिली. एप्रिलमध्ये ते लोकसभेत मांडले गेले. जुलैमध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये संसदेने विधेयकाचा गाभाच बदलला. तीन घटक गेले आणि त्यांच्या जागी एक विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य आले. १ नोव्हेंबर १९५६ला ते अस्तित्वात आले.

मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या विधिमंडळांनी ज्या रचनेवर मत दिले ती रचना कायद्यात नव्हतीच. जी रचना कायद्यात आली तिच्यावर त्यांना कोणी विचारले नव्हते. विदर्भाचे आमदार तेव्हा मध्य प्रदेशच्या विधानसभेत बसत आणि मराठवाड्याचे हैदराबादच्या. त्यांच्यापुढे एकभाषी महाराष्ट्राचा प्रस्ताव आला होता. प्रत्यक्षात ते गुजरातीबरोबरच्या राज्यात गेले.

न्यायालयाचे वाचन

बाबूलाल पराते यांनी नेमके हेच मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडले. तिथे अर्ज फेटाळला गेला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. घटनापीठाचा निकाल न्या. एस. के. दास यांनी लिहिला. अर्जदाराचे म्हणणे दोन पातळ्यांवर होते. पहिले शब्दार्थाचे : मत ज्या विधेयकावर घेतले ते हे विधेयक नव्हे, म्हणून परंतुकाचे पालन झाले नाही. दुसरे तत्त्वाचे : अनुच्छेदातला ‘राज्य’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा. राज्य म्हणजे केवळ सीमारेषा नव्हे, तिथले लोकही, आणि म्हणून बदललेल्या प्रस्तावावर त्यांच्या प्रतिनिधींना बोलण्याची संधी मिळायला हवी होती.

पहिल्या मुद्द्यावर न्यायालय म्हणाले की, विधेयकात दुरुस्ती करणे हा संसदेच्या कामाचा स्वाभाविक भाग आहे. विषयाला धरून असलेल्या प्रत्येक दुरुस्तीसाठी विधेयक पुन्हा राज्यांकडे पाठवायचे ठरले तर ते कधी संपणारच नाही. शिवाय विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारक नाही. दुसरा मुद्दा न्यायालयाने अधिक थोडक्यात निकालात काढला. परदेशी लोकशाहीतल्या संकल्पना घटनेच्या स्पष्ट शब्दांवर लादता येणार नाहीत, असा त्याचा आशय आहे.

कायद्याचा अर्थ लावण्याची एक रीत म्हणून यात चूक काढणे सोपे नाही. परंतुकात ‘विधेयक’ हा शब्द आहे, ‘विधेयकाचा अंतिम मजकूर’ असे तिथे म्हटलेले नाही. पण दुरुस्ती आणि अदलाबदल यांत फरक करता येतो. एखाद्या तालुक्याची सीमा इकडची तिकडे होणे ही दुरुस्ती. तीन राज्यघटकांचे एक राज्य होणे ही अदलाबदल. द्वैभाषिकाची कल्पना आयोगाच्या अहवालातच होती, म्हणजे ती विधिमंडळांना नवी नव्हती, असे कोणी म्हणेल. पण आयोगाच्या द्वैभाषिकात विदर्भ नव्हता. ऑगस्ट १९५६मध्ये जे राज्य आकाराला आले ते आयोगाच्या अहवालात नव्हते आणि विधिमंडळांकडे पाठवलेल्या विधेयकातही नव्हते. मर्यादा कोठेतरी आखणे न्यायालयाला शक्य होते. विधेयकाचा गाभा बदलला तर ते पुन्हा पाठवावे, एवढे म्हटले असते तरी संसदेच्या अंतिम अधिकाराला धक्का लागला नसता. कारण तेव्हाही राज्याचे मत बंधनकारक ठरले नसते, फक्त ते खऱ्या प्रस्तावावरचे मत ठरले असते.

हा मार्ग न घेतल्याचा परिणाम दूरवर गेला. पश्चिम बंगालने कोळसा असलेल्या जमिनींच्या संपादनावरून केंद्राविरुद्ध केलेल्या दाव्याचा निकाल १९६२ साली लागला. राज्ये सार्वभौम नाहीत, हे सांगताना तिथे बहुमताच्या निकालाने तिसऱ्या अनुच्छेदाचाही दाखला दिला. ज्यांचे अस्तित्वच संसद बदलू शकते त्यांच्या सार्वभौमत्वाची भाषा कशाला, असा तो तर्क. न्या. सुब्बा राव यांनी त्या प्रकरणात भिन्नमत नोंदवले. पुढे १९९४मध्ये बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने संघराज्यीय रचना घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानली आणि राष्ट्रपती राजवटीच्या वापराला न्यायालयीन तपासणीचे कुंपण घातले. सरकार बरखास्त करण्याच्या केंद्राच्या अधिकाराला अशी मर्यादा आली. राज्याच्या सीमा आणि दर्जा बदलण्याच्या अधिकाराला मात्र १९५९च्या निकालाने दिलेली मोकळीक तशीच राहिली.

नकाराधिकार असता तर

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे राज्याचे मत बंधनकारक करणे. अमेरिकेच्या घटनेत तशी तरतूद आहे. एखाद्या राज्याच्या हद्दीतून नवे राज्य काढायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. १८२०मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संमतीने मेन हे राज्य वेगळे झाले. १८६१मध्ये व्हर्जिनिया संघराज्याबाहेर पडले तेव्हा मात्र त्याच्या पश्चिमेकडच्या संघनिष्ठ लोकांनी व्हीलिंग येथे आपले वेगळे ‘व्हर्जिनिया सरकार’ उभे केले. त्या सरकारच्या विधिमंडळाने व्हर्जिनियाच्या विभाजनाला संमती दिली आणि १८६३मध्ये वेस्ट व्हर्जिनिया अस्तित्वात आले. संमतीची अट पुरी झाली होती. ती देणारे लोक मात्र बहुतांशी वेगळे होणाऱ्या भागातले होते. अट कितीही कडक असली तरी ‘कोणाची संमती’ हा प्रश्न तिच्यातून सुटत नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडचे उदाहरण जवळचे आहे. ३० जानेवारी २०१४ रोजी आंध्र प्रदेश विधानसभेने राज्याच्या विभाजनाचे विधेयक आवाजी मताने फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केले आणि २ जून २०१४ला तेलंगण झाले. राज्याच्या मताला बंधनकारक शक्ती असती तर तेलंगण झाले नसते. संथानम यांनी १९४८मध्ये मद्रास आणि आंध्र यांच्याविषयी जे म्हटले होते, तेच साठ-पासष्ट वर्षांनी आंध्र आणि तेलंगण यांच्याविषयी खरे ठरले. १९४८मध्ये बहुसंख्यांची भीती असलेले लोक आता स्वतः बहुसंख्य होते.

महाराष्ट्राच्या जन्मालाही हा कस लावून पाहावा. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मते दिली. तरी द्वैभाषिक राज्याच्या विधानसभेत गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर बहुमत काँग्रेसचेच राहिले. त्या बहुमताला नकाराधिकार असता आणि पक्षश्रेष्ठींना द्वैभाषिक टिकवायचेच असते, तर १९६०चा मुंबई पुनर्रचना कायदा रोखण्याचे कायदेशीर साधन त्यांच्या हाती असते. ज्या तिसऱ्या अनुच्छेदाने १९५६मध्ये मराठी माणसावर द्वैभाषिक लादले, त्याच अनुच्छेदाने १९६०मध्ये त्याला महाराष्ट्र दिला. या अनुच्छेदाविषयी आपण नुसते रागाने किंवा नुसते कृतज्ञतेने बोलू शकत नाही.

गोव्याचा दाखला

लोकांना थेट विचारण्याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता, त्यामुळे परंतुकाप्रमाणे विधानसभेला विचारण्याचे बंधन नव्हते. १९६३च्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे सरकार आले होते. महाराष्ट्रात विलीनीकरण हा त्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम होता. परंतुकाच्या रीतीने विधानसभेचे मत प्रमाण मानले असते तर उत्तर विलीनीकरणाच्या बाजूने मिळाले असते.

तसे न करता संसदेने १९६६मध्ये जनमत कौलाचा स्वतंत्र कायदा केला. बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत गोमंतकीयांनी पुन्हा बांदोडकरांनाच सत्ता दिली.

मराठी वाचकाला हा निकाल अजूनही थोडा बोचतो. पण घटनेच्या अभ्यासकाला त्यात फार मोठा पुरावा सापडतो. एकाच वर्षी, एकाच मतदारसंघसमूहाने, एका पक्षाला सत्ता दिली आणि त्याच पक्षाचा मुख्य प्रस्ताव नाकारला. आमदार निवडताना लोक रस्ते, शाळा, कुळकायदा, जात, माणूस असे बरेच काही पाहतात. आपला प्रदेश कोणत्या राज्यात असावा याचे उत्तर त्या मतात आपोआप सामावलेले नसते. विधिमंडळाचे मत म्हणजेच लोकांचे मत, हे परंतुकामागचे गृहीत गोव्याने आकड्यांनिशी खोटे ठरवले.

विधिमंडळच नसेल तेव्हा

परंतुक किती पातळ आहे हे जम्मू-काश्मीरच्या बाबतीत दिसले. तिथली विधानसभा नोव्हेंबर २०१८मध्ये विसर्जित झाली, डिसेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती आणि विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे होते. ऑगस्ट २०१९मध्ये पुनर्रचनेचे विधेयक आले तेव्हा मत द्यायला तिथले निवडून आलेले सभागृह नव्हते. विधेयक मंजूर करणारी आणि विधिमंडळाच्या जागी असलेली संस्था एकच होती. ११ डिसेंबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लडाखचा केंद्रशासित प्रदेश वैध ठरवला. विधिमंडळाचे मत केवळ शिफारसवजा असते, हे १९५९चे सूत्र इथे पुन्हा आले. संपूर्ण राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करता येते का, हा प्रश्न मात्र केंद्राने राज्याचा दर्जा परत देण्याचे आश्वासन दिल्यामुळे न्यायालयाने अनिर्णित ठेवला. म्हणजे केंद्राच्या सत्तेची या बाबतीतली शेवटची सीमा कोठे आहे, हे अजून ठरलेले नाही.

इथे १९६६च्या अठराव्या घटनादुरुस्तीने जोडलेले एक स्पष्टीकरण आठवावे लागते. त्यानुसार अनुच्छेदाच्या मुख्य भागात ‘राज्य’ या शब्दात केंद्रशासित प्रदेश येतो, पण परंतुकात येत नाही. म्हणजे राज्याचा एकदा केंद्रशासित प्रदेश झाला, की पुढच्या बदलांच्या वेळी त्याला विचारण्याचे बंधनही उरत नाही. दर्जा जातो तेव्हा त्याबरोबर विचारले जाण्याचा हक्कही जातो.

आपल्याच कसोटीवर आपण

सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने वर्षानुवर्षे चार तत्त्वे मांडली आहेत : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यातला शेवटचा शब्द तिसऱ्या अनुच्छेदात नसलेल्या गोष्टीचे अचूक नाव आहे. २००४मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यामागची नैतिक ताकदही याच शब्दात आहे. बेळगाव, कारवार, निपाणीच्या मराठी माणसाने दशकानुदशके मतपेटीतून आणि रस्त्यावरून काय सांगितले, ते कर्नाटकाच्या विधिमंडळाच्या बहुमताने पुसले जाऊ नये, हे आपले म्हणणे आहे. ते योग्यच आहे.

पण लोकेच्छा हे तत्त्व असेल तर ते गोव्यातही लागू होते, आणि तिथला कौल आपल्याविरुद्ध गेला म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. ते विदर्भालाही लागू होते. आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते आणि १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाला काही आश्वासने दिली होती. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळांची तरतूद आहे. ती मंडळे १९९४मध्ये स्थापन झाली आणि २०२०च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. विदर्भातल्या लोकांना वेगळे राज्य हवे आहे की नाही, याविषयी मी इथे मत देत नाही. त्यांना ते हवे की नको, हे मुंबईतल्या विधानसभेच्या एकत्रित बेरजेतून समजणार नाही, एवढेच म्हणतो. बेळगावबाबत कर्नाटकाच्या बेरजेवर आपला जो आक्षेप आहे, तोच हा आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९५५च्या अखेरीस भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती. त्यांची सूचना मान्य करा वा करू नका, त्यामागची चिंता आजही उपयोगी आहे. राज्य भाषेने एक झाले तरी त्याच्या आत बहुसंख्य आणि अल्पसंख्य असतातच, आणि राज्याला दिलेली सत्ता त्यांच्यात आपोआप न्यायाने वाटली जात नाही. केंद्राविरुद्ध राज्याचा हक्क मागताना राज्यातल्या बहुसंख्यांना आणखी एक हत्यार तर देत नाही ना, हे त्यामुळे पाहावे लागते.

म्हणून परंतुक सुधारायचे तर राज्याला नकाराधिकार देण्याच्या मार्गाने जाऊ नये. त्याऐवजी तीन माफक गोष्टी सुचवता येतात. पहिली, विधिमंडळाने ज्या विधेयकावर मत दिले त्याचा गाभा संसदेत बदलला, तर ते ठराविक मुदतीसाठी पुन्हा पाठवावे. १९५६च्या अनुभवाचा एवढा तरी धडा घ्यावा. दुसरी, राज्याची सीमा किंवा दर्जा बदलणारे विधेयक निवडून आलेली विधानसभा अस्तित्वात नसताना आणता येऊ नये. तिसरी, विधानसभेत अशा विधेयकावर मतदान होते तेव्हा, जो प्रदेश वेगळा काढायचा आहे तिथल्या आमदारांची मते वेगळी मोजून राष्ट्रपतींकडे आणि संसदेकडे जावीत. निर्णय संसदेनेच घ्यावा, पण तो घेताना कोणाच्या इच्छेविरुद्ध घेतो आहे हे तिच्यासमोर लेखी असावे.

पहिल्या दोन गोष्टींना घटनादुरुस्ती लागेल किंवा १९५९चा निकाल न्यायालयाने बदलावा लागेल. तिसरीसाठी कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. १९४८च्या मसुद्यातून गळालेल्या पोटकलमाचा आशय एखादी विधानसभा आपल्या कामकाजाच्या नियमात उद्याही आणू शकते. सीमाप्रश्नावर लोकेच्छेची भाषा देशात सर्वांत मोठ्याने ज्या राज्याने वापरली, त्या महाराष्ट्राच्या विधानसभेने ही सुरुवात करायला हरकत नाही.